१६,८८० रुपयांचा फरक

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याची एप्रिल २०२५ ची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आमच्या सांगलीच्या हिशेब-कराच्या ऑफिसात आली. ४६ पानं, सगळी हाताने लिहिलेली. त्यांचे दिवाणजी सत्तरीला आलेत. निळं बॉलपेन, मराठी आकडे, डावीकडे जमा म्हणजे आलेले पैसे, उजवीकडे नावे म्हणजे गेलेले, पानाच्या तळाशी शिल्लक आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तीच शिल्लक पुन्हा. ही कीर्द टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायला माझ्या सहायक मुलीला दर महिन्याला अडीच दिवस लागायचे. त्या महिन्यात आम्ही पहिल्यांदाच पानांचे फोटो काढून एआयला दिले आणि म्हटलं, याचा तक्ता करून दे. तासाभरात तक्ता हातात आला. हमाली, तोलाई, बारदान, टेम्पो भाडे हे शब्दसुद्धा नीट वाचलेले होते. आम्ही दोघी फार खूश झालो.

मग महिनाअखेरची शिल्लक बघितली. दिवाणजींच्या वहीत २३,४१५. आमच्या तक्त्यात ६,५३५. फरक १६,८८० रुपयांचा.

फरक आला की हिशेबाचं काम करणारा माणूस आधी तो ९ ने भागून बघतो. ६३ च्या जागी ३६ पडले तर फरक २७ येतो. आकड्यांची अशी अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. १६,८८० मात्र ९ ने जात नव्हता. मी सगळी पानं पुन्हा तपासायच्या तयारीला लागले होते, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "ताई, आठाने जातोय." मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. तिने कीर्दीतली एक ओळ दाखवली: हमाली १,२००. तक्त्यात तीच रक्कम नऊ हजार दोनशे होऊन बसली होती.

मराठी एक आणि इंग्रजी नऊ शेजारीशेजारी लिहून बघा. घाईत लिहिलेला आपला एक हा इंग्रजी नऊच दिसतो. आणि नवातून एक गेला की आठ उरतात, म्हणून एकाच्या जागी नऊ वाचला की फरक ८, ८०, ८०० किंवा ८,००० असाच येणार. मग शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. हमालीत ८,०००, टेम्पोच्या १,५०० मध्ये ८,०००, बारदानाच्या १४० मध्ये ८०० आणि चहापाण्याच्या ३१० मध्ये ८०. चार ओळी, चारही नावेच्या बाजूच्या. बेरीज १६,८८०.

गंमत अशी की त्याच पानांवर इतर शेकडो एक बरोबर वाचले गेले होते. चूक सगळीकडे असती तर आम्ही तो तक्ता तिथेच टाकून दिला असता. ४६ पानांत चारच चुका, तक्ता देखणा, बाकी सगळं खरं. अशा कागदावर डोळा ठरत नाही, सरकत पुढे जातो. माणसाने टाइप केलेल्या नोंदींत चुका कुठे सापडतात ते मला वीस वर्षांच्या सवयीने माहीत आहे: दुपारी जेवणानंतर, पानाच्या शेवटी, फोन आला तेव्हा. यंत्राच्या चुकांना असा ठावठिकाणा नसतो. त्या नव्याने ओळखायला शिकाव्या लागतात.

पुढच्या महिन्यापासून सांगायची पद्धत बदलली. आकडे इंग्रजीत करू नकोस, कागदावर दिसतात तसेच देवनागरीत उतरव. प्रत्येक पानाची मागील शिल्लक आणि तळाची शिल्लक वेगळ्या रकान्यात लिही. वाचता आलं नाही तर रकाना कोरा सोड, अंदाज करू नकोस. देवनागरीचे इंग्रजी आकडे एक्सेलच्या सूत्राने होतात, तिथे चुकीला जागा नाही. मग पानागणिक ताळा: मागील शिल्लक अधिक जमा वजा नावे बरोबर तळाची शिल्लक. मे महिन्याच्या ४१ पानांपैकी ३६ पानं पहिल्या फटक्यात जुळली, पाच अडली. वही उघडून फक्त ती पाच पानं बघितली. अडीच दिवसांचं काम एका दुपारी संपलं.

हे शक्य झालं ते दिवाणजी प्रत्येक पानाला शिल्लक काढतात म्हणून. ज्यांच्या वहीत ती नाही, त्यांचा तक्ता तपासायला माझ्याकडे आधार नाही. तसे दोन व्यापारी आहेत आमचे. त्यांच्या वह्या आम्ही आजही हातानेच चढवतो.

खरं तर यंत्राच्या चुकीचा अनुभव मला त्याआधी वर्षभर, मे २०२४ मध्ये आला होता. एका किराणा दुकानदाराचं सहकारी बँकेचं खातं, वर्षभराचा उतारा पीडीएफमध्ये, तोही स्कॅन केलेला. तो एआयला दिला आणि शेवटी विचारलं, जमा-नावेची बेरीज उताऱ्याशी जुळते का? उत्तर आलं, हो, जुळते. मी विश्वास ठेवला. दोन दिवसांनी बँकेचं खातं टॅलीत जुळवायला घेतलं तर ११ नोंदी गायबच. प्रत्येक पान संपताना जी शेवटची ओळ अर्धी या पानावर आणि अर्धी पुढच्या पानावर होती, ती गळली होती. बेरीज कुणी केलीच नव्हती. "जुळते" हा शब्द नुसताच लिहून आला होता.

तेव्हापासून मी एआयला बेरीज कधीही विचारत नाही. उतारा वाचायला देते, बेरीज एक्सेल करतं. बँकेच्या उताऱ्यात तर प्रत्येक ओळीलाच शिल्लक असते, त्यामुळे एक साधं सूत्र ओळीओळीला लावायचं: वरची शिल्लक अधिक जमा वजा नावे, ती या ओळीच्या शिलकेएवढी आहे का. नसेल तर ओळ लाल. वर्षाच्या १,८०० ओळी असल्या तरी लाल किती, ते दिसायला क्षणभर लागतो. हे सूत्रसुद्धा मला एआयनेच लिहून दिलं, आणि ते चालतं की नाही हे मी मुद्दाम एक रक्कम बिघडवून बघितलं.

इथे एक सांगायलाच हवं. पहिला उतारा मी जसाच्या तसा चढवला होता, नावं, खाते क्रमांक, सगळ्यासकट. ती माझी चूक होती. ज्या माणसाने विश्वासाने कागद माझ्या हातात दिले त्याला मी विचारलंसुद्धा नव्हतं. नंतर मी त्यांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत, पण मला लाज वाटली. आता प्रत्येक अशिलाकडून लेखी संमती घेते. पहिल्या पानावरचं नाव, पत्ता, पॅन, खाते क्रमांक काढून टाकल्याशिवाय काही चढत नाही. आमच्या माहितीवर मॉडेल शिकवू नये हा पर्याय सेटिंगमध्ये निवडलेला आहे. आणि जिथे जमेल तिथे माहिती बाहेर पाठवायचीच नाही. एआयकडून फक्त प्रोग्रॅम लिहून घ्यायचा आणि तो आपल्या संगणकावर चालवायचा. दोघा अशिलांनी संमती द्यायला नकार दिला. त्यांचं काम जुन्याच पद्धतीने चालतं, फीही तीच.

उतारा वाचून झाला की कुठली रक्कम कुठल्या खात्यात घालायची हा प्रश्न येतो. यूपीआयच्या नोंदी तोकड्या असतात, नाव अर्धं कापलेलं. "श्री गणेश" असं दिसल्यावर एआयने ती रक्कम देणगीत टाकली होती. ते आमच्या दुकानदाराचे साखरेचे व्यापारी. मुलाच्या शाळेची फी शैक्षणिक खर्चात, विम्याचा हप्ता विमा खर्चात. ही तर मालकाची उचल, धंद्याच्या खर्चात कशी चालेल? यावर मी प्रत्येक अशिलाचा एक कागद तयार केला: हे नाव दिसलं की हे खाते, ही रक्कम दर महिन्याला आली की ती भाड्याची, हा मालकाचा घरचा नंबर. तो कागद आधी वाचायला द्यायचा आणि शंका असलेली नोंद सस्पेन्स या तात्पुरत्या खात्यात ठेवायला सांगायची. पहिल्या महिन्यात सस्पेन्समध्ये बऱ्याच नोंदी राहतात, मग मालकाला फोन करायचा आणि कागदात भर घालायची. तीन-चार महिन्यांनी थोड्याच उरतात. हा कागद लिहिताना माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं हे सगळं माझ्या आणि त्या मुलीच्या डोक्यातच होतं. आमच्यापैकी एक आजारी पडली असती तर ते कुणालाच सापडलं नसतं.

सगळ्यात मोठा उपयोग झाला तो जीएसटीच्या टूबी जुळवणीत. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-टूबी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी येते, २० तारखेपर्यंत थ्रीबी हे महिन्याचं विवरण भरायचं. १ जानेवारी २०२२ पासून कायदा असा, की पुरवठादाराने बिल दाखवलं आणि ते टूबीत आलं तरच इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येतं. म्हणजे १४ ते २० हे सहा दिवस आमच्यासारख्या ऑफिसांत दिवाळीच्या बाजारासारखे. खरेदीची नोंदवही एकीकडे, टूबी दुसरीकडे आणि जुळत नाही ते का, याचा शोध. आमच्याकडे बिल क्रमांक १२३, टूबीत वर्ष, तिरकी रेघ आणि ००१२३. रकमेत पैशांचा फरक. पुरवठादार तिमाही विवरण भरणारा, त्याने मधल्या महिन्यात बिल चढवलंच नाही. किंवा बिल एका शाखेचं आणि दाखवलं दुसऱ्या राज्याच्या शाखेच्या क्रमांकावर.

ऑगस्ट २०२५ मध्ये मी एआयला हा प्रश्न नीट मराठीत समजावून सांगितला. दहा खरी उदाहरणं नावं बदलून दिली आणि पायथॉन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून घेतला. मला पायथॉन येत नाही. पण काय व्हायला हवं ते मला पक्कं माहीत होतं. क्रमांकातलं वर्ष काढ, पुढची शून्यं काढ, रेघा काढ, मग जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि कराची रक्कम तिन्ही जुळव. एक रुपयापर्यंतचा फरक चालेल, पण तो वेगळा दाखव. चार वेळा मागेपुढे होऊन प्रोग्रॅम चालू लागला.

पहिल्या महिन्यात एक बिल अडलं. आमच्या वहीत आहे, टूबीत आहे, रक्कम तीच, तरी जुळत नाही. आमच्या वहीत बिलाचा क्रमांक होता नुसता २५२६. प्रोग्रॅमने त्याला २०२५-२६ हे वर्ष समजून काढून टाकलं होतं आणि क्रमांकाच्या जागी काहीच उरलं नव्हतं! मी हसले खरी, पण लगेच पोटात गोळाही आला. कारण त्याच पुरवठादाराचं असंच कोरं झालेलं दुसरं बिल याच रकमेचं असतं तर ती दोन एकमेकांशी जुळली असती आणि मला कधी कळलंच नसतं. आता प्रोग्रॅम शेवटी मोजणी देतो: वहीत बिलं किती, जुळलेली, न जुळलेली, आणि दोन्ही मिळून तितकीच होतात का. क्रमांक कोरा झाला तर तिथे थांबतो. ज्या व्यापाऱ्याच्या महिन्याला तीनशे बिलं, त्याच्या जुळवणीला दीड दिवस जायचा. आता पाऊण तास. उरलेला वेळ मी ज्यांची बिलं आली नाहीत त्या पुरवठादारांना फोन करण्यात घालवते. क्रेडिट खरं तर त्या फोनांनीच मिळतं.

कराच्या दराबद्दल मात्र मी एआयचं तोंडी उत्तर घेत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. आमचे तासगावचे व्यापारी बेदाण्याबरोबर बदाम-पिस्ताही विकतात. बेदाणा आधीही ५ टक्के आणि नंतरही ५ टक्के, बदाम मात्र १२ वरून ५ वर आला. बदल होऊन आठवडा झाला तरी एआय बदामाला १२ टक्के लाव असंच ठामपणे सांगत होता. त्याच्या वाचनात जुनी माहिती. बेदाण्यातही एक खोच आहे: शेतकऱ्याने स्वतः पुरवलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही, असा खुलासा जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ च्या बैठकीत झाला. तो प्रश्न विचारला तर एकदा हो, एकदा नाही. म्हणून मी अधिसूचनेची पीडीएफच देते आणि विचारते, यातल्या कुठल्या पानावर, कुठल्या क्रमांकाला हे लिहिलंय ते दाखव. मग ते पान स्वतः वाचते. लांबलचक इंग्रजी अधिसूचनेत नेमकी ओळ शोधून देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

नोटिशीच्या उत्तराचंही तसंच. एका अशिलाला विवरणांतल्या तफावतीबद्दल नोटीस आली होती. मी मुद्दे मराठीत सांगितले, एआयने सुरेख इंग्रजीत मसुदा केला, आणि मी सांगितलं नसताना शेवटी त्याने दोन निवाड्यांचे दाखले जोडले. पक्षकारांची नावं, वर्ष, न्यायालय, सगळं होतं. शोधायला गेले तर एक निवाडा वेगळ्याच विषयावरचा आणि दुसरा कुठेच नव्हता. मी दोन्ही खोडले. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केल्याचं वाचलं. त्या आदेशात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते वाचून मला घाम फुटला. माझ्या मसुद्यातले दोन दाखले तसेच गेले असते तर खाली सही माझी होती.

वसुलीचे निरोप मात्र मी एआयकडून लिहून घेणं सोडून दिलं. "आदरणीय ग्राहक, आपली थकीत रक्कम त्वरित अदा करावी" असं मराठी येतं. आमच्या पेठेत असा निरोप गेला तर समोरचा माणूस दुखावेल, कदाचित पुढचा माल दुसरीकडून उचलेल. "अण्णा, मार्चअखेरची ४२ हजारांची बाकी राहिलीय, या आठवड्यात बघता का?" एवढं पुरतं, आणि कुणाला अण्णा म्हणायचं आणि कुणाला शेठ, हे त्या दुकानात चहा प्यायल्याशिवाय कळत नाही. यादी मात्र त्याने करावी: कुणाचे किती दिवस झाले, ३०, ६०, ९०. तेवढं तो चोख करतो.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घोळतं ते वेगळंच. आठाने जातोय हे जिने ओळखलं, तिने दोन वर्षं रोज शेकडो बिलं हाताने चढवली होती. त्यातूनच तिला हमालीचा आकडा नऊ हजार असू शकत नाही हे कळलं. गेल्या वर्षी आमच्याकडे एक नवीन मुलगा लागला, बी.कॉम. झालेला, हुशार. तो पहिल्या दिवसापासून तयार तक्ते तपासायला बसला आणि महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की त्याला लाल ओळ दिसते पण लाल न झालेली चूक दिसत नाही. डिझेलचं बिल जनरेटर नसलेल्या दुकानात का आलं, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. म्हणून आता नियम केलाय. नवीन येईल त्याने पहिले तीन महिने दोन अशिलांची कीर्द-खतावणी पूर्ण हाताने करायची, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, जुळवायची, फरक स्वतः शोधायचा. त्या मुलाला आधी राग आला. यंत्र असताना हे कशाला, असं त्याने तोंडावर विचारलं, आणि विचारलं हे मला आवडलं. त्याच्या वेळेचे पैसे मी देते, आणि ते वाया जातात असं मला वाटत नाही.

मध्यंतरी तासगावला गेले तेव्हा दिवाणजींना सगळी हकिकत सांगितली. एक आणि नऊची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग थोडं थांबून म्हणाले, "ताई, मग मी इंग्रजी आकडे लिहू का?" पन्नास वर्षांचा हात. मी म्हटलं, नको, तुम्ही लिहिता तसंच लिहा. त्यांनी वही पुढे ओढली, चालू पानाच्या तळाशी शिल्लक लिहिली आणि पावतीवर लिहितात तशी तिच्यापुढे अक्षरी लिहिली: अठरा हजार दोनशे साठ. "हे वाचेल ना तुमचं ते?"

वाचतं. तेव्हापासून प्रत्येक पानाला शिल्लक आकड्यात आणि अक्षरी असते, आणि आमच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना वाढलाय. गेल्या महिन्याच्या ४४ पानांत दोनच अडली. एकावर चहा सांडलेला होता. दुसऱ्यासाठी मी दिवाणजींना फोन केला, त्यांनी वही काढली, पान उलटलं आणि म्हणाले, "थांबा, इथे माझीच चूक आहे."